आजारी नवजात बाळाला पुण्याला हलवताना : गाडी येण्याआधी, वाटेत आणि दवाखान्याच्या दारात काय करायचं?

‘इथं जमणार नाही, बाळाला पुण्याला हलवा.’ ग्रामीण रुग्णालयातून किंवा तालुक्याच्या खासगी दवाखान्यातून हे वाक्य कानावर आलं की घरात पळापळ सुरू होते. गाडी कुणाची, पैसे किती लागतील, ससूनला की औंधला, बाळंतिणीनं जायचं की नाही, सोबत कोण... या गडबडीत बाळाच्या अंगाकडे बघायचं राहून जातं. वाटेत अंग गार पडलं, पोट रिकामं राहिलं किंवा श्वासाची वाट अडली, तर मूळ आजार बरा होण्यासारखा असूनही बाळ हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून गाडी लवकर मिळण्याइतकंच गाडीत बाळ कसं नेलं हेही महत्त्वाचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या कुटुंबांनी हाताशी ठेवावी अशी ही माहिती.

पहिले २८ दिवस नाजूक का?

जन्मल्यापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ११ बाळं या २८ दिवसांत दगावली. देशाचा आकडा २० होता, म्हणजे आपलं राज्य पुष्कळ पुढे आहे. पण त्याच वर्षी राज्यात पाच वर्षांच्या आतल्या बालमृत्यूंचा दर हजारी १८ होता. याचा अर्थ, पाच वर्षांच्या आत जाणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यातच जातात. त्यातही पहिला आठवडा आणि पहिला दिवस सगळ्यात जोखमीचा.

कारणं मुख्यतः तीन : दिवस पूर्ण होण्याआधी जन्म व कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणं, आणि जंतुसंसर्ग. तिन्हींवर उपचार आहेत. मात्र बाळ वेळेत आणि धडपणे तिथपर्यंत पोचलं पाहिजे.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही

मोठं माणूस दुखणं सांगतं. नवजात बाळ सांगत नाही, ते नुसतं गप्प पडतं. ‘बाळ लई शांत आहे, त्रास देत नाही’ असं कौतुकानं म्हटलं जातं, तेव्हा कधी कधी ते आजारी असतं. खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी दवाखाना गाठावा.

• बाळ दूध ओढत नाही, किंवा कालपर्यंत ओढत होतं आणि आज सोडलं.
• मलूल पडलंय, हलवल्याशिवाय हातपाय हलवत नाही, रडणं बारीक झालंय.
• श्वास भरभर चालतोय. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोटाची हालचाल मोजावी. ६० किंवा जास्त आली तर पुन्हा एकदा मोजावी. दुसऱ्यांदाही तेवढीच आली तर धोका.
• श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, बाळ कण्हतं.
• अंग तापलंय (३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त), किंवा गार पडलंय (३५.५ च्या खाली).
• झटके येतात, डोळे फिरवतं, अंग ताठ होतं.
• ओठ, जीभ निळसर दिसतात.
• पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झाले.
• हिरवी उलटी, पोट फुगलंय, २४ तासांत शी नाही किंवा ४८ तासांत लघवी नाही.
• नाळेतून रक्त किंवा पू येतो, नाळेभोवतीची कातडी लाल झालीय.

‘पाचवी पुजून मग जाऊ’, ‘आज अमावास्या आहे’, ‘सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही’ ही कारणं घरोघरी ऐकू येतात. पूजा चार दिवसांनी करता येते. जंतुसंसर्ग झालेलं नवजात बाळ मात्र काही तासांतच खालावतं.

सगळ्यात सुरक्षित गाडी म्हणजे आईचं पोट

बाळंतपणाआधीच जोखीम माहीत असेल तर जन्मानंतर बाळ हलवण्यापेक्षा आईला आधीच मोठ्या रुग्णालयात नेणं केव्हाही चांगलं. आईच्या पोटात ऊब, प्राणवायू, साखर सगळं आपोआप मिळतं. हे काम कुठलीही काचेची पेटी तितकं चांगलं करू शकत नाही.

दिवस भरायच्या आधी कळा, जुळी बाळं, खूप वाढलेला रक्तदाब, अंगावरून रक्त जाणं, आधीचं बाळ दगावलेलं असणं, सोनोग्राफीत बाळात दोष दिसणं, अशा वेळी बाळंतपण कुठं करायचं हे सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठरवावं. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला इंजेक्शनं देतात, त्यामुळे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ती निघण्याआधीच सुरू करता येतात का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

थेट पुणं गाठायचं की आधी जवळचं केंद्र?

हा प्रश्न नेहमी पडतो. सरकारी यंत्रणेत आजारी नवजात बाळासाठी तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : जिथं बाळंतपणं होतात त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवजात कोपरा. इथं ऊब देणारं यंत्र, तोंडावर मास्क लावून श्वास देण्याची पिशवी आणि शिकलेली सिस्टर असते.

दुसरी पायरी : मोठ्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतला नवजात स्थिरीकरण कक्ष. फार गंभीर नसलेली बाळं इथंच बरी होतात. बाकीच्यांना सावरून पुढं पाठवतात.

तिसरी पायरी : विशेष नवजात काळजी कक्ष, ज्याला लोक ‘एसएनसीयू’ किंवा नुसतं ‘काचेच्या पेटीचा वॉर्ड’ म्हणतात. पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात तो आहे. श्वासाचं यंत्र, शस्त्रक्रिया किंवा त्याहून मोठे उपचार लागले तर ससूनसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला अतिदक्षता विभाग लागतो.

बाळ घरीच आजारी पडलं असेल आणि श्वासाला त्रास, झटके किंवा अंग गार अशी अवस्था असेल, तर आधी जवळचं आरोग्य केंद्र गाठावं. तिथल्या अर्ध्या तासात श्वास मोकळा होतो, ऊब मिळते, साखर तपासली जाते, इंजेक्शन मिळतं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या किंवा वेल्ह्याच्या डोंगरी वाडीतून निघालेलं बाळ काहीच उपचार न मिळता दोन-अडीच तास गाडीत राहिलं, तर त्या अर्ध्या तासाची किंमत कळते. मात्र केंद्रातून पुढं पाठवायचं ठरल्यावर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात असे हेलपाटे घालू नयेत. कुठं जायचं ते एकदा ठरवून तिथंच जावं.

गार पडणं म्हणजे नेमकं काय होतं?

बाळाचं वजन दोन-तीन किलो, पण त्या मानानं कातडीचा पसारा मोठा आणि डोकं मोठं. त्यामुळे ऊब झपाट्यानं निघून जाते. थरथरून स्वतःला गरम ठेवणं त्याला जमत नाही. अंगातली थोडी खास चरबी जाळून ते ऊब तयार करतं. त्यासाठी जास्त प्राणवायू आणि जास्त साखर लागते. आधीच दम लागलेल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो, न प्यायलेल्या बाळाची साखर उतरते. साखर उतरली की बाळ आणखी मलूल होतं, आणखी गार पडतं. असं हे चक्र वाटेतच सुरू होतं.

थर्मामीटर नसला तरी हातानं ओळखता येतं. हाताच्या पालथ्या बाजूनं बाळाचं पोट आणि तळपाय तपासावेत.

• पोट गरम, तळपाय गरम : बाळ ठीक.
• पोट गरम, तळपाय गार : बाळाला थंडी वाजतेय, लगेच ऊब द्यावी.
• पोट गार, तळपायही गार : बाळ गार पडलंय, हा धोका आहे.

थर्मामीटरनं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मध्ये असावं. आशाताईंच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा आणि घड्याळ असतं. गरज पडली तर त्यांना मध्यरात्रीही हाक मारायला संकोच करू नये.

निघण्याआधी दवाखान्यात काय झालं पाहिजे?

पाठवणारे डॉक्टर किंवा सिस्टर चार गोष्टी बघतात : अंगाची ऊब, श्वास व प्राणवायू, रक्ताचा प्रवाह (हातपाय गार पडलेत का, कातडी दाबल्यावर रंग किती वेळात परत येतो), आणि रक्तातली साखर. साखर ४५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर गाडीत घालण्याआधी दूध किंवा शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. जंतुसंसर्गाची शंका असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस इथंच देतात. जन्मानंतरचं के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही.

‘लवकर सोडा, गाडी उभी आहे’ असा तगादा घरचे लावतात. या कामाला लागणारी वीस-पंचवीस मिनिटं देणं बाळाच्याच हिताचं असतं.

चिठ्ठी आणि एक फोन

पुण्यात पोचल्यावर ‘तिथं काय दिलं?’ असं विचारलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात. म्हणून रेफरची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नये. चिठ्ठीत एवढं असावं :

• जन्माची तारीख, वेळ, वजन, किती महिन्यांचं किंवा आठवड्यांचं बाळंतपण.
• बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का.
• काय त्रास, कधीपासून. कुठली औषधं किती वाजता दिली.
• शेवटचं दूध कधी, लघवी-शी कधी.
• निघतानाचं तापमान, श्वास, साखर.
• आईचा रक्तगट आणि आजार. आईला ताप होता का, पाणमोट कधी फुटली.
• पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि फोन नंबर.

चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, आईचं डिस्चार्ज कार्ड, आधार आणि रेशनकार्ड घ्यावं. कागद शोधायला मात्र गाडी थांबवू नये. ते मागून कुणी आणलं तरी चालतं.

दुसरं, पाठवणाऱ्या डॉक्टरांनीच समोरच्या रुग्णालयात फोन करून पेटी किंवा खाट रिकामी आहे का ते विचारावं. हा फोन झाला का, तिथं कुणाशी बोलणं झालं, हे घरच्यांनी नम्रपणे पण ठामपणे विचारून घ्यावं. या एका फोनमुळे पुण्यात रात्री तीन दवाखान्यांच्या दारात फिरणं टळतं.

१०८ आणि १०२ : कुठली गाडी कशासाठी?

१०८ ही राज्याची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ अतिगंभीर रुग्णांसाठी सुसज्ज आणि ७०४ साध्या होत्या. गाडीत डॉक्टर असतो. राज्यभरातून १०८ ला लावलेला फोन पुण्यातच, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या नियंत्रण केंद्रात उचलला जातो. सेवेच्या नव्या आखणीत १७५६ वाहनं ठरली असून त्यात पहिल्यांदाच ३६ खास नवजात बाळांच्या रुग्णवाहिका धरल्या आहेत. आपल्या भागात अशी गाडी उपलब्ध आहे का, हे १०८ ला फोन करतानाच विचारावं.

१०२ ची गाडी आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयांशी जोडलेली असते. गरोदर माता, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ यांच्यासाठी ती आहे. बाळाचा श्वास नीट असेल, झटके नसतील तर १०२ चालते. दम, झटके, निळेपणा असेल तर डॉक्टर असलेली १०८ मागावी.

फोनवर एवढंच सांगावं : ‘नवजात बाळ आहे, इतक्या दिवसांचं, वजन इतकं, हा त्रास आहे, प्राणवायू आणि ऊब लागणार आहे, अमुक दवाखान्यातून तमुक दवाखान्यात न्यायचं आहे.’ वाडीचं नाव, जवळची खूण आणि चालू असलेला मोबाईल नंबर द्यावा. रस्ता अवघड असेल तर कुणीतरी फाट्यावर उभं राहावं. दोन्ही सेवा मोफत आहेत.

गाडीत बसल्यावर

पेटी असलेली गाडी मिळाली नाही तरी बाळ सुरक्षित नेता येतं. त्यासाठी कांगारू पद्धत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज ही पद्धत जगभर वापरतात.

• बाळाला कोरडं करून फक्त टोपरं, लंगोट आणि मोजे घालावेत. आई किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभं धरून, कातडीला कातडी लावून, वरून ओढणी किंवा लुगड्यानं बांधावं, वर शाल घ्यावी. हे वडील, आजी, मावशी कुणीही करू शकतं.
• बाळाचं तोंड एका बाजूला आणि दिसतं असावं. हनुवटी छातीवर टेकलेली नको, नाक झाकलेलं नको.
• बाळ फार गंभीर असेल, सलाईन किंवा प्राणवायू चालू असेल, तर गाडीतले डॉक्टर सांगतील तसं झोपवावं. मान ताठ किंवा दुमडलेली नको. खांद्याखाली पातळ घडी ठेवली की श्वासाची वाट मोकळी राहते.
• खिडक्या बंद, एसी आणि पंखा बंद. लंगोट ओला झाला की लगेच बदलावा.
• गरम पाण्याची बाटली, तापवलेली वीट, शेगडी बाळाजवळ ठेवू नये. नाजूक कातडी भाजते.
• दर १५ मिनिटांनी तीन गोष्टी बघाव्यात : श्वास चालू आहे का, ओठांचा रंग कसा आहे, तळपाय गरम आहेत का.
• बाळ दूध ओढत असेल तर दर दोन तासांनी अंगावर पाजावं किंवा काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्यावं. झटके, जोराचा दम, बेशुद्धी, हिरवी उलटी किंवा फुगलेलं पोट असेल तर तोंडानं काही देऊ नये. साखरपाणी, मध, घुटी तर कधीच नको.
• प्राणवायूची नळी घरच्यांनी कमी-जास्त करू नये. कमी दिवसांच्या बाळाला गरजेपेक्षा जास्त प्राणवायू मिळाला तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते.
• वाटेत श्वास थांबल्यासारखा वाटला तर पाठ आणि तळपाय चोळावेत, तोंडातली गुळणी पुसावी. खासगी गाडी असेल तर जवळच्या दवाखान्यात वळावं आणि १०८ ला फोन लावावा.

दुचाकीवर नवजात बाळ नेणं टाळावं. वारा लागून दहा किलोमीटरमध्येच ते गार पडू शकतं. दुसरं काहीच मिळत नसेल तर कांगारू पद्धतीनं बांधून, वरून पूर्ण पांघरून, फक्त जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंतच जावं.

आईची प्रकृती बरी असेल तर तिनं बाळासोबतच जावं, कारण पुढचं औषध तिचं दूध आहे. सिझेरियन झालं म्हणून ती मागं राहिली, तर तिला चीक काढून स्वच्छ वाटीत पाठवता येतो. एक-दोन दिवसांत तिलाही बाळाजवळ नेण्याची सोय करावी.

पुण्यात शिरताना

नाशिक रस्त्यानं येणाऱ्यांना चाकण-मोशी, नगर रस्त्यानं वाघोली, सोलापूर रस्त्यानं हडपसर, सातारा रस्त्यानं कात्रज आणि मुळशीकडून चांदणी चौक ही कोंडीची ठिकाणं. घरून निघतानाच किती वाजता तिथं पोचणार याचा अंदाज घ्यावा आणि ड्रायव्हरला रुग्णालयाचं नाव नक्की सांगावं.

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळकडून येताना पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय आधी लागतं. शिरूर, दौंड, पुरंदरकडून येताना पुणे स्टेशनजवळचं ससून सोयीचं पडतं. पण अंतरापेक्षा खाट कुठं आहे यावर निर्णय घ्यावा. बारामती-इंदापूरकडच्यांनी पुण्याची वाट धरण्याआधी बारामतीच्या सरकारी रुग्णालयात सोय होते का ते विचारावं. वाटेचे दोन तास वाचू शकतात.

पैसे, योजना आणि अनामत रक्कम

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. सुरुवातीला तो ३० दिवसांपर्यंतच्या बाळांना होता, नंतर एक वर्षापर्यंत वाढवला. त्यात सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि घरापासून दवाखान्यापर्यंत, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडण्याची गाडी मोफत आहे. शिधापत्रिकेच्या रंगाचा इथं संबंध नाही.

खासगी रुग्णालयात जावं लागलं तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारावं. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावं. बाळाचं नाव रेशनकार्डात नाही म्हणून माघारी फिरू नये, आई-वडिलांचे कागद दाखवून मार्ग विचारावा.

पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून, जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायचे असतात. २०२५ साली पुण्यात एका गरोदर महिलेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा हा प्रश्न राज्यभर गाजला. हा नियम माहीत असेल तर दारात उभं राहून ठामपणे बोलता येतं. अडलंच तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटावं, धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करावी.

बाळ वॉर्डात असताना आणि घरी आल्यावर

काचेच्या पेटीतल्या बाळाजवळ आईला बसू देतात, हात स्वच्छ धुवून स्पर्श करू देतात. आईचं दूध काढून बाळाला दिलं जातं. आईला दूध येत नसेल तर ससूनमध्ये मातृदुग्धपेढी आहे. आशियातली अशी पहिली पेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली होती.

डिस्चार्ज झाला म्हणजे काम संपलं असं नाही. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी साधारण महिन्याच्या आत करावीच लागते. ती चुकली तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. कानाची तपासणी, वजन, वाढ बघायला पुन्हा बोलावलेली तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आशाताईच्या फेऱ्यांमागची गोष्ट

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येते. ‘रोजचंच आहे’ म्हणून काही घरं तिला दारातूनच परत पाठवतात. या फेऱ्या महाराष्ट्राच्याच खेड्यांतल्या कामातून उभ्या राहिल्या आहेत.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. आशा प्रतिनिधी आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या ग्रामीण भागात गावातल्याच कार्यकर्त्यांना जोखमीचं बाळ ओळखायला शिकवलं. दोन किलोच्या आत वजन, दिवस भरण्याआधी जन्म, दूध न ओढणं या साध्या खुणांवर ते काम चाले. १९८६ साली त्याचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला. पुढे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूतांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथं नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून देशभर आशांमार्फत घरभेटी सुरू झाल्या. म्हणून आशाताई दारात आली की बाळाचं अंग उघडून तिला बघू द्यावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कावीळ आहे, कोवळ्या उन्हात ठेवलं तर चालेल का?*
नाही. उन्हानं गंभीर कावीळ उतरत नाही, उलट उघडं बाळ गार पडतं. कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते. रक्त तपासून निळ्या प्रकाशाखाली ठेवावं लागतं.

*निघण्याआधी बाळाला आंघोळ घालावी का?*
अजिबात नाही. आजारी किंवा कमी वजनाच्या बाळाला अंघोळ, तेल, धुरी काहीच नको.

*डॉक्टर म्हणतात न्या, पण घरात एकमत होत नाही. काय करावं?*
निर्णय कोण घेणार हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावं. घरातला कर्ता माणूस बाहेरगावी असेल तरी आई आणि जवळचं एक माणूस निघू शकलं पाहिजे. थोडे पैसे, कागद आणि गाडीवाल्याचा नंबर एका पिशवीत तयार असावा.

मोबाईलमध्ये जपून ठेवा

१. दूध सोडलं, मलूल, दम, झटके, ताप किंवा गार अंग : लगेच दवाखाना.
२. आधी जवळचं केंद्र, तिथं सावरून मग पुणं.
३. रेफरची चिठ्ठी घ्यावी, पुढच्या रुग्णालयात डॉक्टरांचा फोन झालाय का ते विचारावं.
४. १०८ किंवा १०२, दोन्ही मोफत.
५. बाळ छातीशी, टोपरं डोक्यावर, तोंड उघडं, खिडकी बंद.
६. दर १५ मिनिटांनी श्वास, रंग, तळपाय.
७. शक्यतो आई सोबत. घुटी, मध, शेगडी नको.